हाक मारणारा कॅमेरा

रात्रीची जागल आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? तुरीला शेंगा धरल्या, की रानडुकरे आणि रोही वावरात शिरतात. मग माणूस मचाणावर बसतो. डबा वाजवतो. ओरडतो. पण पहाटे माणसाचा डोळा लागतो. डुकराचा लागत नाही.

कॅमेऱ्याचाही डोळा लागत नाही. म्हणून हल्ली लोक वावरात आणि गोठ्यावर कॅमेरे लावतात. पण नुसते पाहणे म्हणजे जागल नव्हे. पाहून हाक मारली, तर ती जागल.

टी-१ वाघिणीची गोष्ट आठवा. लोक तिला अवनी म्हणत. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव आणि केळापूर तालुक्यांत तिची दहशत होती. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. वनखात्याने रानात झाडांना कॅमेरे बांधले. समोरून जनावर गेले, की असा कॅमेरा फोटो काढतो. पण साधा कॅमेरा तो फोटो आपल्या पोटातच ठेवतो. माणूस जाऊन तो काढतो, तेव्हा कळते, की काल वाघ इथे होता. कालचे आज कळून वावरातल्या बाईला काय उपयोग? पुढे २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती वाघीण गोळीने मारली गेली.

आता शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात पाहा. ताडोबाला लागून सीतारामपेठ हे गाव आहे. २०२३ साली तिथे नव्या तऱ्हेचे कॅमेरे लागले. वाघ गावाकडे येताना दिसला, की यंत्र त्याला ओळखते आणि लगेच इशारा देते.

घरचा साधा कॅमेरा एवढा हुशार नसतो. पण इंटरनेटला जोडलेला असेल, तर तोही आपल्या फोनवर हाक मारतो. त्याला सूचना किंवा अलर्ट म्हणतात.

आमचीच चूक सांगतो. मुलाने आमच्या गोठ्यावर कॅमेरा लावून दिला. पहिल्याच रात्री फोन चाळीस वेळा वाजला. पाहतो तर काय, लिंबाची फांदी हलत होती! आम्ही वैतागलो. सूचना बंद करून टाकली. आठ दिवसांनी सकाळी वासरू खुंट्यावर नव्हते. कॅमेऱ्यात सारे होते. रात्री २ वाजता बिबट आला होता. कॅमेऱ्याने पाहिले होते. त्याचे तोंड मात्र आम्हीच बांधून ठेवले होते.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आम्ही जन्मभर पोरांना शिकवली. खोट्या हाका फार झाल्या, की खरी हाक कोणी ऐकत नाही. म्हणून हाक बंद करू नये. ती नीट लावावी. ती अशी :

१. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये सूचना चालू करा. फोनच्या सेटिंगमध्येही त्या ॲपला परवानगी द्या. फोनचा आवाज मोठा ठेवा.

२. जागा नेमा. चित्रावर बोटाने चौकट आखा. गोठ्याचे दार चौकटीत घ्या. झाडाची फांदी आणि रस्ता बाहेर ठेवा.

३. वेळ नेमा. रात्री ८ ते सकाळी ६ पुरे. दिवसा आपणच ये-जा करतो.

४. हालचाल किती बारीक पकडायची, ते ठरवा. आधी मधल्या खुणेवर ठेवा. मग कमी-जास्त करा.

५. सूचना घरातल्या दोघांच्या फोनवर जाऊ द्या. एक झोपला, तरी दुसरा उठेल.

६. रात्री स्वतः गोठ्यासमोरून चालून पाहा. फोन वाजला, तरच काम झाले.

काचेपुढे कोळी जाळे विणतो. त्यानेही खोटी हाक येते. दर आठवड्याला काच पुसा. कॅमेऱ्याचा जुना पासवर्ड बदला. नाही तर परकाही आपले घर पाहील.

आणखी एक. वाघ किंवा बिबट दिसला, तर काठी घेऊन एकटे बाहेर धावू नका. दार लावा. शेजाऱ्यांना फोन करा. वनखात्याला १९२६ या नंबरावर कळवा. कॅमेरा हाक मारील. पुढचे शहाणपण आपले.

प्रश्न
१. आमचे वासरू का गेले?
२. चौकटीत काय घ्यावे? काय घेऊ नये?
३. तुमच्या गोठ्याचे चित्र काढा आणि त्यावर चौकट आखा.