गुणधर्म अनेक, फील्ड मोजकी

प्रश्न : आमच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूचे गुणधर्म वेगळे आहेत. इलॅस्टिकसर्चमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र फील्ड द्यावे का?

उत्तर : नको. एका इंडेक्सला मुळात १००० फील्डची मर्यादा असते; ती वाढवत गेलात तर मेमरीवर ताण येतो. ‘नेस्टेड’ प्रकार घ्या आणि आत नाव, मजकूर, अंक एवढीच फील्ड ठेवा. साध्या ऑब्जेक्टच्या यादीत नाव-मूल्याच्या जोड्या विस्कटतात : ‘रंग लाल, काठ निळा’ अशी साडी ‘रंग निळा’ शोधतानाही सापडते. गिऱ्हाइकाची ही सरळ दिशाभूलच. ‘फ्लॅटन्ड’ हा प्रकार सोपा आहे खरा, पण त्यात आकडेही मजकूर म्हणून साठतात; ‘१००’ हे ‘२०’च्या आधी लागते. नेस्टेडमधली प्रत्येक जोडी आतून वेगळे डॉक्युमेंट बनते, शोध जड होतो. म्हणून किंमत, ब्रँड अशी रोजची फील्ड मात्र स्वतंत्रच ठेवा.