उंची उतरवणारा ब्रेक

सायकलवरून उतार उतरताना तुम्ही ब्रेक दाबता. रबराचे दोन ठोकळे चाकाच्या धावेला दोन्ही बाजूंनी घासतात आणि वेग आटोक्यात राहतो. आता कल्पना करा, की तुम्ही चार आसनांच्या एका लहान खाजगी विमानात बसून जमिनीपासून ३,००० मीटर उंचीवरून चालला आहात. खाली उतरायचे आहे. विमानाच्या चाकांना ब्रेक आहेत. पण चाके तर हवेत! मग ब्रेक लावायचा कशाला?

थोडे गणित करू. विमानाचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम आणि वेग ताशी ३०० किलोमीटर धरा. त्याची गतिज ऊर्जा सुमारे ४२ लाख ज्यूल येते. उंचीमुळे त्यात साठलेली स्थितिज ऊर्जा मात्र सुमारे ३५३ लाख ज्यूल, म्हणजे आठपटीहून अधिक! विमान उतरवायचे म्हणजे ही सारी ऊर्जा कोठे तरी खर्च करायची. वैमानिकापुढचा खरा प्रश्न वेगाचा नसून उंचीचा आहे.

नाक खाली करून झपकन उतरले तर उंचीची ऊर्जा वेगात जाते आणि वेग धोक्याच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. इंजिनाची शक्ती एकदम कमी केली तर हवेने थंड होणारी सिलिंडरे फार भराभर निवतात. त्यामुळे धातूला कितपत इजा होते याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. तरीही शक्ती बेताबेताने कमी करावी असाच शिरस्ता आहे. मिनिटाला १५० मीटर अशा सावकाश गतीने उतरायचे तर २० मिनिटे लागतात आणि तेवढ्यात विमान १०० किलोमीटर पुढे जाते. वाटेत डोंगर असले किंवा खाली उतरण्याची परवानगी उशिरा मिळाली, तर एवढी वाट पाहता येत नाही.

पंखातून उठणारी पाती

यावर उपाय म्हणजे स्पीड ब्रेक. प्रत्येक पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर एक अरुंद फट असते आणि फटीखाली पंखाच्या पोटात एक लहानशी पेटी. वैमानिकाने बटण दाबले, की पेटीतील विजेची मोटर धातूची पाती फटीतून वर उभी करते. उभे पाते वाऱ्याला आडवे येते आणि हवेचा रोध वाढतो. शिवाय पंखावरून वाहणारा प्रवाह तेथे विस्कटल्यामुळे उचलही थोडी घटते. वाया घालवायची ऊर्जा हवेतील भोवऱ्यांना मिळते. आता मिनिटाला ३०० मीटर उतरले तरी वेग वाढत नाही. १०० किलोमीटरचे काम ५० किलोमीटरांत होते.

ही कल्पना आधी ग्लायडरांत रुजली. १९३० ते १९४० या दशकात जर्मनीतील ग्लायडरांच्या पंखांवर अशी पाती बसू लागली. पुढे अमेरिकेतील मूनी विमानांसारख्या, सडसडीत अंगामुळे लवकर वेग न सोडणाऱ्या लहान विमानांवरही ती आली.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ताशी १५० किलोमीटरला पाते जेवढा रोध करते, त्याच्या चौपट ताशी ३०० किलोमीटरला करते. सायकलचा ब्रेक असा वागत नाही!

दोन्ही बाजू सारख्या

या ब्रेकचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे सारखेपणा. दोन्ही पाती एकाच वेळी, सारख्याच उंचीपर्यंत उठली पाहिजेत. एक उठले आणि दुसरे अडकले, तर विमान एका बाजूला ओढले जाते आणि कलते. पाती लहान असल्यामुळे वैमानिक विमान सावरू शकतो. पण जमिनीजवळ, वादळी हवेत हा जादा ताप कोणाला हवा?

म्हणून उड्डाणापूर्वी बटण दाबून दोन्ही पंखांकडे पाहण्याची पद्धत आहे. पाती बरोबर उठली का? बरोबर बसली का? बसल्यावर पंखाशी सपाट झाली का? फट पंखाच्या वरच्या बाजूस असल्यामुळे तीत पावसाचे पाणी, धूळ आणि किडे सहज शिरतात. पाणी निचरून जाण्याची भोके मोकळी ठेवावी लागतात, नाही तर उंचावरच्या थंडीत आतले पाणी गोठून पाते जखडते. वंगण घालायचे ते विमानाच्या माहितीपुस्तकात सांगितलेले, आणि सांगितले तेवढेच. जास्त वंगण धुळीला धरून ठेवते.

आता समजा, तपासणीत डावे पाते उजव्यापेक्षा अर्धा सेकंद उशिरा उठले. दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ काय करील? आधी फट साफ करील. मग पाते उठत असताना मोटरच्या जोडणीपाशी विजेचा दाब आणि प्रवाह मोजील. दाब कमी भरला, तर दोष तारेत किंवा गंजलेल्या जोडणीत आहे; तेथे रोध वाढला आहे. दाब पुरेसा आहे, पण प्रवाह नेहमीपेक्षा जास्त आहे, तर मोटर कशाशी तरी झगडते आहे: सुकलेले वंगण, वाकलेले पाते किंवा झिजलेली दाते. वर्गात शिकलेला ओहमचा नियम येथे असा उपयोगी पडतो.

मोटर अडकली, की प्रवाह वाढून सर्किट ब्रेकर उडतो. तो पुन्हा पुन्हा दाबून बसवणे हे सर्वांत वाईट; तार तापते आणि पेट घेऊ शकते. ब्रेकर उडणे ही कटकट नव्हे, तो निरोप आहे.

दोष पेटीच्या आत असेल, तर ती काढून अधिकृत कार्यशाळेत पाठवतात. परत बसवल्यावर दोन्ही बाजूंची वेळ पुन्हा जुळवून पाहतात आणि तंत्रज्ञ नोंदवहीत सही करतो. दुरुस्ती लगेच होण्यासारखी नसेल, तर नियमांत बसत असल्यास यंत्रणा बंद करून तशी पाटी लावतात. स्पीड ब्रेकविनाही विमान उतरते. फक्त उतरण लवकर सुरू करावी लागते. ‘बंद आहे’ हे ठाऊक असलेला ब्रेक धोक्याचा नाही. ‘चालतो बहुतेक’ असा ब्रेक धोक्याचा.

करून पाहा

एक फूटपट्टी मध्यावर दोरा बांधून आडवी टांगा. दोन्ही टोकांना मळलेल्या मातीच्या गोळीने पोस्टकार्डाच्या आकाराचा एकेक पुठ्ठा उभा बसवा. पट्टी पंख्यासमोर आडवी धरून टेबलपंखा मंद लावा (हात आणि दोरा पात्यांपासून दूर ठेवा). दोन्ही पुठ्ठे वाऱ्याला आडवे असताना पट्टी डळमळेल, पण साधारण समोरच राहील. आता एक पुठ्ठा काटकोनात फिरवा, म्हणजे त्याची कड वाऱ्याकडे येईल. पट्टी गर्रकन वळेल. डावे पाते अडकलेले विमान असेच वळू पाहते.

आणि एका प्रश्नाचा विचार करा: उड्डाणात वीज गेली, तर पाती उठलेली राहावीत की आपोआप खाली बसावीत? तुम्ही रचनाकार असता तर कोणती योजना केली असती, आणि का?