मलावरोध, चोथा आणि आतड्यांतील सूक्ष्मजंतू

मलावरोध ही किरकोळ तक्रार समजून पुष्कळ लोक वर्षानुवर्षे रेचके घेत राहतात. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मळ घट्ट असणे व कुंथावे लागणे ही लक्षणे तीन महिन्यांहून अधिक टिकली, म्हणजे तो जीर्ण मलावरोध समजावा.

लहान आतड्यातून रोज सुमारे दीड लिटर पाणी मोठ्या आतड्यात येते. त्यातील बहुतेक तेथे शोषले जाते. मळ तेथे जितका अधिक रेंगाळेल, तितका तो कोरडा व कठीण होतो.

मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्मजंतू राहतात. हे जंतू विषे निर्माण करून शरीर पोखरतात, असे विसाव्या शतकाच्या आरंभी मेचनिकॉफ यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञही मानीत. लंडनचे शल्यवैद्य आर्बथनॉट लेन यांनी तर मलावरोधाच्या रोग्यांची मोठी आतडी कापून काढली. पुढे ही कल्पना टिकली नाही.

वनस्पतिजन्य अन्नातील जो भाग आपल्या पाचकरसांनी पचत नाही, त्यास चोथा किंवा तंतुमय पदार्थ म्हणतात. बर्किट, वॉकर व पेंटर यांनी १९७२ साली एक तुलना प्रसिद्ध केली. भरपूर चोथा खाणाऱ्या युगांडातील खेडुतांच्या पोटातून अन्न सुमारे ३६ तासांत बाहेर पडे व रोजचा मळ सुमारे ४७० ग्रॅम भरे. ब्रिटिश नौदलातील माणसे व त्यांच्या पत्नी यांच्या गटात हेच आकडे ८३ तास व १०४ ग्रॅम असे होते.

चोथा हे कार्य कसे करतो? १९८० साली स्टीफन व कमिंग्ज यांनी याचे उत्तर दिले. गव्हाचा कोंडा बराचसा न कुजता राहतो व पाणी धरून ठेवतो. कोबीचा चोथा मात्र जंतू खाऊन टाकतात, त्यावर त्यांची संख्या वाढते, आणि मळाचे आकारमान वाढते ते या जंतूंमुळेच. मळातील घन भागाचा सुमारे निम्मा हिस्सा जंतूंचाच असतो. शिवाय चोथा आंबवताना जंतू ब्युटिरिक आम्लासारखी आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे त्यावर पोषण होते. अर्थात, आपण चोथा खातो तेव्हा या जंतूंनाही जेवू घालतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने रोज निदान २५ ग्रॅम चोथा खावा. ज्वारी-बाजरीची भाकरी, न चाळलेल्या कणकेची पोळी, उसळी, पालेभाज्या व फळे यांतून तो मिळतो. मात्र तो एकदम वाढवू नये; पोटात वायू धरतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा व पाणी पुरेसे प्यावे. इसबगोलाचा भुसा जंतू फारसे खात नाहीत. तो पाणी धरून मळ मऊ ठेवतो. तो पेलाभर पाण्यासोबतच घ्यावा, कोरडा गिळू नये.

दह्यातील किंवा औषधी पुड्यांतील जंतूंनी काहींना आराम पडतो. परंतु त्यांचे परिणाम सर्वत्र सारखे आढळलेले नाहीत. गुदद्वाराचे स्नायू नीट सैल होत नसतील, तर केवळ चोथ्याने गुण येत नाही; उलट त्रास वाढू शकतो. लोहाच्या गोळ्या व अफूजन्य औषधे यांनीही मलावरोध होतो. मळातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा उतारवयात शौचाची सवय अकस्मात बदलणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. इतरांनी मात्र रेचकाच्या बाटलीकडे हात नेण्यापूर्वी आपले ताट तपासून पाहावे.