रस्त्याकडेचे गवत : एक जमाखर्च

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तणाकडेही हिशेबी नजरेनेच पाहतो. गेल्या वर्षी चतुर्थीपूर्वी पेडण्याच्या आमच्या वाटेची कड आम्ही मुलांनी फावड्याने खरवडून लख्ख केली. पावसाने माती गटारात उतरली आणि दिवाळीपर्यंत उघड्या जागेवर गाजरगवत उभे राहिले! चूक आमचीच होती.

अमेरिका खंडातून आलेले हे तण भारतात १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. एका झाडाला हजारो बिया धरतात. म्हणजे हे चक्रवाढ व्याजाचे कर्जच. ते फुलण्यापूर्वीच फेडावे. माती ओली असताना, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या अंगावर पुरळ उठते. बी धरल्यावर कापले, तर आपणच पेरणी करतो.

साधे गवत मात्र भांडवल समजावे. त्याची मुळे माती धरून ठेवतात, दाट पाती तणाच्या रोपांना ऊन मिळू देत नाहीत. म्हणून ते खरवडू नये, चार बोटे राखून कापावे. वळणावर हे काम आधी करावे. समोरचा सायकलवाला दिसला पाहिजे. सरळ कडेला टाकळा राहू द्यावा. तो गाजरगवताला दाबतो, आणि कोवळा असताना भाजीलाही होतो.

यंदा आम्ही फावडी घरीच ठेवली आहेत.