पहिला बोआ घेताना: नव्याने आलेल्यांसाठी, नंदनवनच्या सहा घरांकडून

नागपूरच्या नंदनवन, हसनबाग, वाठोडा या आपल्या भागातून इकडे परदेशात नव्याने आलेल्या घरांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. शाळेतल्या मित्राकडे साप आहे, आता आपल्या पोरालाही हवाय, काय करायचं? आईवडील गोंधळतात, कारण आपल्याकडे साप म्हणजे एक तर नागपंचमीचा पाट, नाही तर सर्पमित्राला फोन. दुकानातून साप विकत आणता येतो, हेच पचनी पडायला वेळ लागतो.

मी नंदनवनात वाढले आणि गेली सतरा वर्षं मिशिगनमध्ये राहते. टेक्सास, ॲरिझोना, टोरोंटो, लेस्टर आणि मेलबर्न इथल्या आपल्याच भागातल्या पाच घरांशी बोलून हे संकलन केलं आहे. आम्ही सगळे एका गोष्टीवर एकमताचे आहोत: साप निवडताना आधी त्याचं आयुष्य मोजा, मग लांबी, आणि रंग सगळ्यात शेवटी.

आधी गावाकडचं

बोआ म्हणजे भक्ष्याला विळखा घालून मारणारे बिनविषारी साप. आपल्या विदर्भाच्या मातीत या कुळातले दोन साप आहेत, मांडूळ आणि डुरक्या घोणस. लहानपणी खरबीकडच्या प्लॉटवर आमच्या घराचा पाया खोदताना मांडूळ निघालं होतं. तांबूस, गुळगुळीत, शेपूट तोंडाइतकीच बोथट. मजूर 'दुतोंड्या, दुतोंड्या' म्हणत गोळा झाले. हा सहा महिने एका तोंडाने चालतो आणि सहा महिने दुसऱ्या, असं त्यांच्यातल्या एकाने आम्हा पोरांना सांगितलं. मला ते घरी न्यायचं होतं. आजी म्हणाली, "त्याले मातीतच राहू दे, पोरी." बाबांनी ते फावड्यावर घेऊन बांधापलीकडे सोडलं.

आजीचं म्हणणं कायद्यालाही धरून होतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतातले हे साप पकडणं, पाळणं आणि विकणं गुन्हा आहे. मांडुळाने धनलाभ होतो या अंधश्रद्धेपायी त्याची चोरटी विक्री चालते आणि महाराष्ट्रात त्यासाठी सतत लोकांना अटक होते. तेव्हा इकडे बोआ पाळलेला पाहून गावी कुणी 'आपणही मांडूळ ठेवू' म्हणालं, तर ठामपणे नाही म्हणा. घरात साप निघालाच तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक द्या. परदेशी जातीचा साप भारतात आधीच कुणाकडे असेल तर त्यालाही कायदा लागू आहे: २०२२ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

तुम्ही कुठे राहता?

दुकानात जाण्याआधी देश, राज्य, शहर आणि घरमालक या चारही पातळ्यांवरचे नियम पाहा.

- ऑस्ट्रेलियात परदेशी साप पाळताच येत नाही, त्यामुळे बोआचा विषय तिथेच संपतो. मेलबर्नच्या घराने परवाना काढून तिथल्याच जातीचा छोटा स्पॉटेड पायथन ठेवला आहे.
- न्यूझीलंड आणि अमेरिकेतलं हवाई राज्य इथे कुठलाच साप चालत नाही. हवाईत दंड २ लाख डॉलरपर्यंत आणि कैद ३ वर्षांपर्यंत होऊ शकते.
- ब्रिटनमध्ये बोआला धोकादायक प्राण्यांचा परवाना लागत नाही. मात्र इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने त्याची नीट देखभाल करणं मालकावर बंधनकारक आहे.
- टोरोंटोत मोठेपणी ३ मीटरहून लांब होणाऱ्या सापांना मनाई आहे. छोटे बोआ या नियमात बसतात.
- अमेरिकेत नियम राज्यागणिक आणि शहरागणिक बदलतात. न्यूयॉर्क शहरात बॉल पायथनसुद्धा चालत नाही.
- घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. टेक्सासच्या घराने ती तोंडी घेतली होती. मालक बदलला आणि त्यांना दोन आठवड्यांत घर शोधावं लागलं.

कोणता घ्यावा?

*केनियन सँड बोआ.* आमच्यापैकी तीन घरांची ही पहिली निवड. पूर्व आफ्रिकेतला हा साप आपल्या मांडुळाचा आणि डुरक्या घोणसाचा जवळचा नातलग. नर साधारण ४० ते ५० सेंटिमीटर, मादी ६५ ते ८० सेंटिमीटर. नारिंगी अंगावर गडद तपकिरी डाग, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे अंग मातीत आणि नजर बाहेर. स्वभावाने शांत. एकच गोष्ट आधी समजून घ्या: हा दिवसभर पुरलेला असतो. पोराला हलताना दिसणारा प्राणी हवा असेल तर तो आठवड्यात कंटाळेल.

*रोझी बोआ.* अमेरिकेचा नैऋत्य भाग आणि वायव्य मेक्सिको इथला. ६० ते ९० सेंटिमीटर, अंगावर तीन लांब पट्टे, चाल संथ. सँड बोआपेक्षा जास्त वेळ बाहेर दिसतो आणि हातात छान बसतो. ॲरिझोनाच्या घरातला बावीस वर्षांचा आहे. त्याला कोरडी हवा लागते. पाण्याचं भांडं सांडून पेटी ओली राहिली की त्याची तब्येत बिघडते.

*रबर बोआ.* थंडी सोसणारा, लाजाळू आणि छोटा. पण पेटीत जन्मलेली पिल्लं क्वचित मिळतात आणि जास्त उष्णता त्याला मानवत नाही. पहिल्याच वेळी नको.

*ब्राझिलियन रेनबो बोआ.* उजेडात अंगावर इंद्रधनुष्य खेळतं, म्हणून सगळ्यांना हाच आवडतो. लांबी दीड मीटरच्या पुढे जाते, सतत दमट हवा लागते आणि पिल्लं चावरी असतात. अनुभव येईपर्यंत थांबा.

*बोआ कन्स्ट्रिक्टर.* दुकानात दिसतो तो अर्ध्या मीटरचा. मोठी मादी दोन मीटर आणि त्याहून अधिक होते. बेटांवरच्या काही जाती लहान राहतात, पण दुकानात 'बुटका' म्हणून विकलेलं पिल्लू बरेचदा मिश्र जातीचं असतं. आईबाप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या शब्दावर विसंबू नका.

वीस वर्षांचा हिशेब

छोटे बोआ चांगल्या देखभालीत वीस-पंचवीस वर्षं सहज जगतात. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ कन्स्ट्रिक्टर १९७७ मध्ये मेला तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. नऊ वर्षांच्या पोरासाठी आणलेला साप पोरगं कॉलेजला गेलं की आईवडिलांचा होतो. नव्याने आलेल्यांचा व्हिसा बहुधा तीन वर्षांचा असतो आणि सापाची पंचविशी त्यात मावत नाही.

साप घेऊन भारतात परतता येईल, हे मनात धरू नका. प्रवाशाच्या सामानासोबत फक्त कुत्रा-मांजर आणायची सोय आहे. शिवाय सगळेच बोआ वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, त्यामुळे सीमा ओलांडताना परवाने लागतात. आणि कंटाळा आला म्हणून रानात सोडणं तर मुळीच नाही. अरुबा बेटावर बोआ कन्स्ट्रिक्टर १९९९ मध्ये पहिल्यांदा सापडला आणि तिथल्या पक्ष्यांवर तो आजही ताव मारतो आहे. फ्लोरिडात रानात सुटलेल्या बर्मी अजगरांनी तिथले प्राणी कसे फस्त केले, ते तर जगाला माहीत आहे.

घेताना

माझा पहिला सँड बोआ मी घाईत, स्वस्तात, एका दुकानातून घेतला. तो रानातून पकडलेला होता, हे मला नंतर कळलं. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगायचे. ते पिसू-गोचिडीसारखे बारीक किडे होते. सात आठवडे त्याने काही खाल्लं नाही आणि तो गेला. तो मला अजून आठवतो, म्हणून पुढची यादी मी कळकळीने देते.

- पेटीत जन्मलेलंच पिल्लू घ्या, शक्यतो पैदास करणाऱ्याच्या घरून.
- जन्मतारीख आणि शेवटच्या पाच जेवणांची नोंद मागा. आपल्यासमोर एकदा खाऊ घालायला सांगा.
- नाकपुड्या कोरड्या, डोळ्यांच्या कडा स्वच्छ, शेपटीखालचा भाग साफ, श्वासात घरघर नाही, हे तपासा.
- पहिल्या वेळी नर घ्या. तो लहान राहतो आणि कमी खातो.
- सापांना तपासणारा पशुवैद्य जवळ आहे का, हे साप आणण्याआधी शोधा.

पेटी आणि ऊब

सँड बोआच्या नराला ६० बाय ३० सेंटिमीटरची, मादीला ९० बाय ४५ची पेटी घ्या. झाकण कुलूपबंद हवं. साप डोक्याने ढकलून फट शोधतो. तळाशी ८ ते १० सेंटिमीटर ॲस्पेन लाकडाचा भुसा घाला. देवदाराचा भुसा नको, त्याचा वास सापाला बाधतो. एक बाजू ३२ ते ३५ अंश, दुसरी २५च्या आसपास, म्हणजे साप आपली ऊब आपण निवडतो. उबेच्या चटईला थर्मोस्टॅट लावाच. हा साप खणत थेट तळाला जातो आणि चटई बेताल तापली तर त्याचं पोट भाजतं.

टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात लाखो घरांची वीज गेली. आपल्या तिथल्या घराने तेव्हा सापाला सुती उशीच्या खोळीत घालून, खोळीला गाठ मारून, आळीपाळीने स्वेटरच्या आत ठेवलं. साप वाचला. तेव्हापासून त्यांच्या कपाटात खोळ आणि रासायनिक ऊबपिशव्या तयार असतात. पिशवी खोळीच्या बाहेरून लावायची, सापाच्या अंगाला नाही.

स्वयंपाकघर, सोवळं आणि श्रावण

आपल्या घरांत खरी अडचण इथे येते. साप शाकाहारी होत नाही. गोठवलेले उंदीर विकत मिळतात. सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा उंदीर, पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी. फ्रिजरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी ती पिशवी ठेवली की भांडण ठरलेलं. लेस्टरच्या घराने गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रिजर घेतला आणि भारतातून आलेल्या आजी निश्चिंत झाल्या. उंदीर बंद पिशवीत कोमट पाण्यात वितळवा, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, आणि चिमट्याने द्या. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नका, नाही तर तो ओकतो.

सरपटणाऱ्या प्राण्यांमुळे साल्मोनेला पसरू शकतो. त्याची भांडी मोरीत धुवा, स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नाही. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीच्या पुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी साप हाताळू नये. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत.

नागपंचमीला सापाला दूध देऊ नका. त्याला ते पचत नाही. हळदकुंकवाची बोटंही त्याच्या अंगाला नकोत. पाटावर गंधाने नाग काढा, लाह्या ठेवा आणि पूजा तिथे करा.

शेवटचा कागद

ॲरिझोनाच्या घरात फ्रिजवर एक कागद आहे. वर रोझी बोआची जन्मतारीख, खाली ओळीने चार नावं: वडील, आई, मुलगी, आणि तिच्या कॉलेजच्या काळात सांभाळायला तयार झालेली मैत्रीण. शेजारी पशुवैद्याचा नंबर. एकेक नाव बावीस वर्षांत आपापल्या पाळीला आलं आणि एकदाही साप अनाथ झाला नाही. तुम्हीही पेटी विकत घेण्याआधी असा कागद घ्या आणि नावं लिहा. तीन नावं भरली नाहीत, तर पोराला यंदा सापांचं चांगलं पुस्तक आणून द्या.