पत्त्यांची टंचाई, घरगुती राउटर आणि फाइल-विनिमयाचे अर्थकारण

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने देशात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या शहरांत तत्कालीन कलकत्त्याचा समावेश होता. पुढे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने ब्रॉडबँडसाठी किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद हा वेग ठरविला. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. हे आकडे परीक्षार्थींना पाठ असतात. मात्र या तिन्ही व्याख्यांतील किमान वेग हा माहिती उतरवून घेण्याचा वेग आहे, ही बाब सहसा नजरेतून निसटते. ग्राहक हा घेणारा असतो, देणारा नसतो, असे धोरणाने जणू गृहीतच धरले आहे. सहभागी संगणकांनी परस्परांना थेट फाइली पुरविण्याची पद्धत, म्हणजेच पीअर-टू-पीअर विनिमय, नेमकी या गृहीताच्या विरुद्ध जाते.

अशा विनिमयात मध्यवर्ती भांडार नसते. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी रचलेल्या बिटटोरंट पद्धतीत फाइलचे लहान तुकडे केले जातात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो त्याने इतरांना द्यावा, अशी व्यवस्था असते. जो देतो त्याला अधिक मिळावे, हा नियम या पद्धतीतच गुंफलेला आहे. त्यामागे अनुभव होता. २००० मध्ये ग्नुटेला या जाळ्याच्या अभ्यासात सुमारे ७० टक्के वापरकर्ते काहीच देत नसल्याचे आढळले होते. सार्वजनिक वस्तूंच्या सिद्धान्तातील ‘फुकट्या स्वारा’चे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकांतही क्वचितच सापडेल.

परंतु देण्याची इच्छा असूनही देता येत नसेल तर? दक्षिण-पश्चिम कोलकात्यात डायमंड हार्बर रस्त्याच्या दुतर्फा पसरलेला बेहाला हा दाट वस्तीचा भाग आहे. येथील एका गल्लीत दोन शेजारी कुटुंबे आहेत आणि एकाला दुसऱ्याकडून मुक्त वापराच्या लिनक्स प्रणालीची मोठी फाइल हवी आहे, असे समजू. दोघांच्या भिंतींत दहा फुटांचे अंतर असले, तरी त्यांचे संगणक परस्परांना ‘दिसत’ नाहीत. त्याचे मूळ टंचाईत आहे.

आयपी पत्त्याची चौथी आवृत्ती ३२ बिटांची असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही नियंत्रित वाटपाच्या अखेरच्या टप्प्यात आला. टंचाईची चाहूल मात्र आधीच लागली होती. १९९४ मध्ये पत्ता-रूपांतराची, म्हणजे ‘नॅट’ची, कल्पना मांडली गेली. घरातील सर्व यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते द्यावयाचे आणि बाहेर एकच सार्वजनिक पत्ता दाखवावयाचा, ही ती युक्ती. चाळीला पत्ता एकच आहे, पण पाकिटावर खोली क्रमांक नाही, अशी स्थिती. आतून गेलेल्या पत्राचे उत्तर राउटर बरोबर खोलीत पोचवितो. बाहेरून स्वतःहून आलेले पत्र कोणाचे, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

येथे राउटर आणि फायरवॉल यांतील भेद ध्यानात घ्यावा, कारण उत्तरपत्रिकांत तो हमखास पुसला जातो. पत्ता-रूपांतर करणारा राउटर हा टपाल वाटणारा कारकून आहे, तर फायरवॉल हा नियमावली हाती असलेला पहारेकरी. कारकुनाच्या अज्ञानामुळे काही संरक्षण आपोआप मिळते, पण तो त्याचा हेतू नव्हे. वैयक्तिक संगणकावरही स्वतंत्र पहारेकरी असतो. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणा-संचाबरोबर तो मूळ स्थितीतच सुरू ठेवण्यात आला.

म्हणून विनिमयासाठी दोन्ही ठिकाणी मार्ग करावा लागतो. प्रथम राउटरमध्ये संबंधित संगणकासाठी कायमचा अंतर्गत पत्ता राखून ठेवावा; अन्यथा तो बदलला की केलेली रचना निरर्थक ठरते. नंतर फाइल-विनिमयाच्या प्रणालीत एक पोर्ट क्रमांक निश्चित करावा. पोर्ट म्हणजे चाळीच्या उदाहरणातील खोली क्रमांक. ते ० ते ६५,५३५ असतात. बिटटोरंटचे पारंपरिक ६८८१ ते ६८८९ हे क्रमांक सेवादात्यांना सहज ओळखू येत, म्हणून अनेक जण वरच्या श्रेणीतील क्रमांक निवडतात. हाच क्रमांक राउटरच्या ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ विभागात टीसीपी आणि यूडीपी या दोन्हींसाठी त्या अंतर्गत पत्त्याकडे वळवावा. शेवटी संगणकाच्या फायरवॉलमध्ये केवळ त्या प्रणालीला परवानगी द्यावी. संपूर्ण फायरवॉल बंद करणे किंवा संगणकाला ‘डीएमझेड’मध्ये उघडा ठेवणे हा सोपा, पण महागात पडणारा मार्ग होय. यूपीएनपी ही सुविधा हे दार आपोआप उघडते. मात्र घरातील एखाद्या दुष्ट प्रणालीलाही ती तितक्याच तत्परतेने दार उघडून देते.

असुरक्षित राउटरची किंमत त्याच्या मालकापुरती मर्यादित राहत नाही. २०१६ मध्ये मिराई या विषाणूने कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले व त्या फौजेच्या बळावर इतरांच्या सेवा ठप्प केल्या. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही नकारात्मक बाह्यता आहे.

एवढे करूनही बेहालातील शेजाऱ्याची फाइल पोचेलच असे नाही. पत्ते अपुरे पडल्यामुळे अनेक सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात. राउटरच्या बाह्य बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या श्रेणीत दिसला, तर ग्राहक सेवादात्याच्या रूपांतराआड आहे असे समजावे. तेथील कारकून ग्राहकाच्या आज्ञेत नसल्यामुळे घरातील पोर्ट फॉरवर्डिंग व्यर्थ ठरते. स्थिर सार्वजनिक पत्ता हवा असल्यास बहुधा त्यासाठी वेगळे शुल्क मोजावे लागते. दुर्मीळ वस्तूला भाडे मिळते, हा रिकार्डोचा जुना धडा येथे नव्या रूपात भेटतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. विनिमयाची पद्धत स्वतः बेकायदा नाही. इतरांची कृती परवानगीविना वाटणे हा मात्र १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा असून त्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये संगीताच्या चाचेगिरीवरून शंभरावर संकेतस्थळे रोखण्याचे आदेश दिले होते. दुसरीकडे, जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने मान्य केलेल्या तत्त्वांनुसार सेवादात्यास मजकुराच्या आधारे वेग रोखण्याचा भेदभाव करता येत नाही. वाजवी वाहतूक व्यवस्थापन हा अपवाद आहे.

टंचाईवरचा खरा उपाय सहाव्या आवृत्तीचे १२८ बिटांचे पत्ते हा आहे. त्यासाठी दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये पहिला आराखडा प्रसिद्ध केला, आणि मोबाइल जाळ्यांमुळे भारत आज या आवृत्तीच्या वापरात आघाडीच्या देशांत गणला जातो. येथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि कारकुनाची गरज उरत नाही. पहारेकरी मात्र राहतो. अनेक राउटर या आवृत्तीतील बाहेरची मागणी मूळ स्थितीत नाकारतात. बेहालातील त्या दोन घरांना ही सेवा मिळाली असेल, तर देणाऱ्या घराच्या राउटरमध्ये एका पत्त्यासाठी व एका पोर्टसाठी एक परवानगी-नियम आणि संगणकावर तसाच दुसरा, एवढ्यावर काम भागते. दोघांपैकी एकालाच ती मिळाली असेल, तर पुन्हा जुन्या आवृत्तीच्या अपुऱ्या पत्त्यांकडेच वळावे लागते.