कडुनिंबाखालची मोजणी



शास्त्र म्हटले की प्रयोगशाळाच डोळ्यांपुढे येते. पण साध्या माणसांनी घराजवळ टिपलेल्या नोंदींवरही शास्त्र उभे राहते. याला नागरिक विज्ञान म्हणतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते. भारत २०१३ पासून तीत आहे. परसात उभे राहून निदान १५ मिनिटे पक्षी मोजायचे आणि ठिकाण, तारीख, वेळ घालून कळवायचे, एवढेच काम. एकट्याच्या नोंदीवरून फारसे कळत नाही. हजारोंच्या नोंदी एकत्र आल्या की पक्षी कुठे वाढले, कुठे घटले ते दिसते.

हीच रीत आपण हुमणीसाठी वापरू या.

हुमणीची पिढी वर्षाला एकच. मे-जूनमध्ये वळवाचा चांगला पाऊस झाला की भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातात, तिथेच मिलन होते आणि पहाटेआधी परत जमिनीत शिरतात. एक मादी पन्नासएक अंडी घालते. आपण जागे होतो ते ऑगस्ट-सप्टेंबरात, पिवळा पडलेला ऊस ओढताच हातात आल्यावर! तोवर मुळ्या खाऊन झालेल्या असतात.

म्हणून नोंद अशी ठेवावी :

१) बांधावरचे एकच झाड धरा, रोज तेच.

२) पहिल्या वळवापासून रोज रात्री आठ वाजता, खाली धोतर किंवा पोते अंथरून, तीच फांदी आकडीच्या काठीने हलवा.

३) पडलेले भुंगेरे मोजा आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा.

४) तारीख, पाऊस झाला की नाही, झाड व संख्या वहीत लिहा.

५) एकही न पडल्यास 'शून्य' लिहा. कोरी जागा म्हणजे भुंगेरे नव्हते की आपण गेलो नाही, हे पुढे कळत नाही.

बॅटरी बरोबर घ्या. बांधावर पाय जपून टाका.

भुंगेरा उडणारा आहे, त्याला गट नंबर कळत नाही. एकट्याने मारून शेजाऱ्याच्या बाभळीवरचे तुमच्याच उसात येणार. गावातल्या दहा-वीस वह्या शेजारी ठेवल्या तर भुंगेरे कोणत्या शिवारात, कोणत्या रात्री निघाले ते समजेल आणि सारा गाव एकाच रात्री झाडे झोडपू शकेल. दोन-तीन वर्षांच्या नोंदी साठल्यावर आपल्या भागाचा अंदाजही बसेल.

वहीची नक्कल आठवड्याला चिटबॉयकडे द्यावी. शाळकरी पोरांनाही मोजणीला घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. रोहिणी निघण्याआधी झाड नक्की करून ठेवा.

— ऊस विकास अधिकारी